निदानानंतरच्या तपासण्या



१९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय उभारले. पुढे जवळच्या हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी जनकल्याण समितीचे ‘संवेदना’ केंद्र सुरू झाले. सेवाकार्याचा हा वारसा आपल्या परिचयाचा आहे. आजचा विषय मात्र अशा मुलाच्या घरातला आहे.

एकदा निदान झाले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच निदानाच्या खात्यावर मांडली जाते. मांडी घालून बसवताना मूल किंचाळते; घरचे म्हणतात, त्याचा स्वभावच तसा! प्रत्यक्षात त्याच्या खुब्याचा सांधा जागेवरून सरकत असतो. चालू न शकणाऱ्या मुलांना हा धोका सर्वाधिक, आणि आरंभी तो दुखतही नाही. म्हणूनच ठरावीक अंतराने क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून जन्मानंतर लगेच टूडी एको आणि पुढे दरवर्षी थायरॉइडची तपासणी हवी. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे कित्येकदा द्रव साचलेला असतो. दोष बुद्धीवर ढकलला जातो. दातांकडे तर कुणी पाहतच नाही. किडलेल्या दाढेमुळे मूल जेवण सोडते, पण बोलता येत नसेल तर ते सांगणार कसे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी अभिप्रेत आहे. योजना उत्तम, पण जे मूल अंथरुणावरच आहे, ते अंगणवाडीतही नसते आणि शाळेच्या पटावर असले तरी वर्गात नसते. ज्याला तपासणीची गरज सर्वाधिक, नेमके तेच पथकाच्या नजरेतून सुटते. किनवट-माहूरच्या तांड्यावरून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर. मुलाला कडेवर घेऊन आईने यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि एवढे करून त्या दिवशी कानाचे डॉक्टर नसले तर पुन्हा फेरी. अशा आईला निष्काळजी म्हणणे सोपे आहे.

येथे कार्यकर्त्याने करायचे काम अगदी साधे आहे. आपल्या वस्तीतील अशी मुले माहीत करून घ्यावीत. पथक कोणत्या दिवशी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे आणि त्या सकाळी मुलाला गाडीवरून तिथवर पोहोचवावे. डोळे, कान, दात, खुबा यांची तपासणी कधी झाली, पुढची कधी, हे एका वहीत तारखेसह लिहून ती वही आईच्या हाती द्यावी. दवाखान्यात शेजारी कुणीतरी बसलेले असावे, एवढीच त्या माउलीची अपेक्षा असते.