किडीची वंशावळ

पनवेल तालुक्यांतील तळोजें हें एके काळीं भातशेतीचें गांव. आज तेथें मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि न्हावाशेव्याच्या बंदरांत उतरलेला परदेशचा माल त्या बाजूच्या रस्त्यांनीं देशांत जातो. मालाबरोबर केव्हां केव्हां न बोलावलेले पाहुणेही येतात. लांकडी खोक्याच्या भेगेंत दडलेली अळी दिसण्यांत क्षुद्र असते. परंतु तिचे नैसर्गिक शत्रु मायदेशींच राहिलेले असतात, आणि नव्या मुलखांत तिला आवरणारें कोणी नसतें.

अशा वेळीं पहिला प्रश्न हा कीं, कीड आली कोठून? सांगली-सोलापूरकडे हेळवी बैलावर बसून गांवोगांव येतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितो. किडीचा हेळवी म्हणजे जनुकशास्त्र. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या कुळाची बखर असते. तिची नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें, आणि ती चूक पुढील पिढ्यांत तशीच उतरते. दोन ठिकाणच्या किडींत त्याच त्या चुका आढळल्या, तर त्यांचा पूर्वज एकच असावा, असें अनुमान निघतें.

मक्यावरील लष्करी अळी मूळची अमेरिका खंडांतील. २०१६ सालीं ती पश्चिम आफ्रिकेंत आढळली. २०१८ च्या मे महिन्यांत ती कर्नाटकांत शिवमोग्याच्या मक्यावर दिसली, आणि त्याच वर्षीं सोलापूरचा मका व सांगलीकडील ऊंस येथवर पोंचली. पोंग्यांत शिरून ती कोंवळीं पानें खाते. शेपटाजवळ चौकोनांत मांडलेले चार काळे ठिपके ही तिची खूण.

अमेरिकेंत या अळीच्या दोन शाखा आहेत. एक मका, ज्वारी व कापूस पसंत करते; दुसरी भात व गवतावर वाढते. पेशींतील तंतुकणिका केवळ मातेकडून येतात. त्या तपासल्या असतां भारतांतील बहुतेक अळ्या भाताच्या शाखेच्या निघाल्या. तेवढ्यावरच निर्णय केला असता, तर कोंकणच्या भातखाचरांवर संकट येणार, असें मानावें लागलें असतें. परंतु लिंग-गुणसूत्रावरील एका जनुकाचीही साक्ष घेण्यांत आली. मादीला हें गुणसूत्र केवळ पित्याकडून मिळतें. त्या साक्षीनें अळ्या मक्याच्या शाखेच्या ठरल्या. म्हणजे दोन शाखांचा संकर पूर्वींच झालेला होता, आणि केवळ मातृकुळावरून या अळीची भातकुळी ठरविणें चुकीचें होतें. शेतांतही तेंच दिसलें. मार बसला तो मुख्यतः मक्याला.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत भारत व दक्षिण आफ्रिका येथील अळ्यांचें मूळ एकच असावें, असें दिसलें. पुढें संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर मात्र ही कीड आशियांत एकाहून अधिक वेळां व निरनिराळ्या वाटांनीं आली असावी, असें कांहीं संशोधकांनीं प्रतिपादिलें. तसें असेल, तर एकच दरवाजा बंद करून भागणार नाहीं. प्रत्येक बंदरावरील तपासणी सतत जागी राहिली पाहिजे.

मूळ ठिकाण कळलें म्हणजे किडीचा शत्रुही तेथें शोधतां येतो. २००८ सालीं कोइमतूरकडे पपईवर मेक्सिकोकडील पिठ्या ढेकूण आला, आणि पुढें तो पुण्याकडील बागांत पसरला. त्याच्या शरीरांत अंडीं घालणाऱ्या चिमुकल्या माशा २०१० सालीं पोर्टो रिकोहून आणून सोडल्या, तेव्हां तो आटोक्यांत आला.

या सर्व शोधाचा आरंभ शेतांतच होतो. अनोळखी अळी दिसतांच दोन-चार नमुने मद्यार्काच्या कुपींत घालावेत, वर गांव, पीक व तारीख लिहावी, आणि कुपी कोंकणांत दापोलीच्या, अन्यत्र जवळच्या कृषिविद्यापीठाकडे पोंचवावी. गांव व तारीख नसेल, तर त्या नमुन्यावरून किडीची वाट शोधतां येत नाहीं.