मुकुट कोणाला, बोल कोणाला?



विषय नाटकाचा आहे, पण प्रश्न घरातलाच आहे. नवराबायकोनी मिळून पाप केले, तर बोल कोणाला लागतो?

आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' हे नाटक केले. १९५४ साली ते रंगभूमीवर आले आणि त्यातील नायिकेची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली. मूळ कथा अशी: मॅकबेथ हा शूर सरदार. तू राजा होशील, असे त्याला चेटकिणी सांगतात. तो लगेच बायकोला पत्र लिहितो. पुढे राजा डंकन त्यांच्याच घरी मुक्कामाला येतो. नवरा कचरतो, तेव्हा ती त्याच्या मर्दपणाला डिवचते. खून होतो आणि मुकुट मिळतो.

एवढ्यावरून आपण म्हणतो, "काय बाई तरी कैदाशीण!" पण जरा पुढे पाहा. राज्याची हाव तिला आहे, पण राज्यावर बसण्याची वाट तिला नाही. जे मिळवायचे ते नवऱ्याच्या हातून. म्हणून ती आपले बाईपण काढून घ्या, असे दुष्ट शक्तींना विनवते. तरीही झोपलेला राजा तिला आपल्या वडिलांसारखा दिसतो आणि तिचा हात उठत नाही. वार नवराच करतो. मुकुट डोक्यावर आल्यावर तो बँकोच्या खुनाचा बेत एकट्याने ठरवतो, बायकोला सांगतही नाही. सल्ल्याची गरज संपली, तशी तीही संपली. शेवटी ती झोपेत चालत हातांवरचे न दिसणारे रक्त धूत राहते. तिच्या मरणाची बातमी येते, तेव्हा नवऱ्याला धड रडायलाही सवड नसते. आणि एवढ्या मोठ्या भूमिकेला स्वतःचे नावही नाही. ती नुसती लेडी मॅकबेथ!

आता आपल्या गावाकडे येऊ. गंगापूर रस्त्यावरची आनंदवल्ली आपण सर्वजणी जाणतो. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या नावाचे ते गाव. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. 'धरावे' या शब्दातील 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती चालत आलेली कथा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. त्या खुनानंतर पेशवाईची वस्त्रे कोणी घेतली? राघोबादादांनी. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी कोणाला ठरवले? राघोबादादांनाच. तरी अडीचशे वर्षे लोकांच्या जिभेवर नाव आहे ते आनंदीबाईंचे. न्यायाधीशाने एकाला दोष दिला, लोकांनी दुसरीला!

माझे म्हणणे बायका निर्दोष असतात असे नाही. लेडी मॅकबेथ पापाची भागीदार आहे, तिला सोडून द्या असे मी म्हणत नाही. पण भागीदारी होती, तर बोलही वाटून घ्यायला हवा. घरात वाटण्या झाल्या की "थोरल्या सुनेने कान भरले" असे आपण सहज म्हणतो. कागदावर सही मात्र मुलाची असते. तो काय कुक्कुलं बाळ होता?

आणि दुसरे असे की, ज्या बाईला स्वतःच्या नावाने काही करता येत नाही, ती दुसऱ्याच्या कानाशी लागणारच. उघड बोलायला जागा मिळाली की कुजबुजीची गरज उरत नाही. आपल्या मंडळात हिशेब आपणच लिहितो, ठराव आपणच मांडतो, त्याखाली सह्या आपल्याच असतात. चुकले तर जबाबही आपणच देतो. मला तर मंडळाचे हेच मोठे काम वाटते.