डेलियाचे कंद आणि आठ तास



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती सहसा खोटी ठरत नाही. आज मात्र मी फुलांवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी मला उलट विचारले, की लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. चूक झाली होती ती पंचवीस वर्षांपूर्वी, आणि तीच सांगून मी सुरुवात करणार आहे.

माझे शाळेतले शिक्षण नववीला आटोपले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. 1999 साली एका कारखान्यातल्या कामगारांचे मागणीपत्र मी तयार करीत होतो. कामगारांनी लिहून दिलेल्या मागण्यांत अगदी शेवटी एक मागणी होती: वसाहतीच्या मागे जी पडीक पट्टी आहे, तेथे आम्हांला वाफे करू द्यावेत आणि पाण्याचा एक नळ द्यावा. मी तांबड्या पेन्सिलीने ती खोडली. म्हणालो, "पगारवाढीच्या कागदात फुलेबिले आणलीत तर व्यवस्थापन आपल्याला हसेल." करार झाला, पगार वाढला, गुलाल उधळला गेला. त्या रात्री एक वयस्क फिटर माझ्याकडे आले. सारी वसाहत त्यांना काका म्हणे. ते म्हणाले, "भाऊ, पगार वाढवून आणलास, चांगले केलेस. पण त्या नळाला कंपनीचे असे किती गेले असते रे?" आणि माझ्या हातात वर्तमानपत्राची एक पुडी ठेवून ते निघून गेले. पुडीत डेलियाचे तीन कंद होते.

मी ते कचेरीच्या खिडकीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले. दोन कुजले. तिसऱ्याला कोंब आला. दोन का कुजले, हे विचारायला काकांकडे गेलो आणि तेथून माझे या विषयातले शिक्षण सुरू झाले.

काकांनी सांगितले ते असे. उसाच्या कांडीला जसा डोळा असतो तसा डेलियालाही असतो. पण तो कंदावर नसतो. जुन्या खोडाला कंद जेथे चिकटलेला असतो, त्या मानेवर तो असतो. कंद कितीही टपोरा असो, मानेचा तुकडा त्याच्याबरोबर आला नाही तर तो मातीत नुसता कुजून जातो. मी पुडी सोडताना दोघांच्या माना मोडल्या होत्या. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अधिक महत्त्वाची. डेलियाचे बी पेरले तर आईसारखे फूल येत नाही, काहीतरी निराळेच येते. तेव्हा एखादी आवडती जात टिकवायची तर तिचे कंद विभागून किंवा छाट कलमे करून लावण्यावाचून गत्यंतर नाही. एका कंदाचा हंगामाअखेर झुबका होतो, झुबक्याचे चार-पाच भाग होतात. आपल्याला लागतात एक किंवा दोन. बाकीचे कोणाला तरी देणे भागच असते!

या फुलाचे मूळ घर मेक्सिको. 1789 साली तेथून त्याचे बी स्पेनमध्ये माद्रिदच्या वनस्पती उद्यानात आले. 1791 साली कावानिल्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले ते आंद्रेआस दाल या स्वीडिश संशोधकावरून. पुढे ते युरोपभर पसरले, इंग्लंडात रुजले, आणि तेथे उतरत्या उन्हाळ्याचे फूल म्हणून प्रसिद्धी पावले. तिकडे थंडीचे हिमकण पडायचे थांबल्यावर, मेअखेरीस किंवा जूनमध्ये ते जमिनीत लावतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ते भरास येते, आणि पहिले हिम पडले की एका रात्रीत काळे पडते. आरंभी ते धनिकांच्या बागांचे फूल होते. परंतु ज्या माणसांच्या हाती ते पुढे आले, त्यांच्याविषयी मला आज तुम्हांला सांगायचे आहे. ती माणसे म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचे, डरहॅम आणि नॉर्थंबरलंड परगण्यांतले कोळसा खाणींचे कामगार.

खाणीत दिवस नसतो. हिवाळ्यात सकाळच्या पाळीचा माणूस अंधारात खाली उतरे आणि अंधारात वर येई. अशा माणसाला रंगाची किती भूक लागत असेल! खाणीच्या गावांना लागून जमिनीचे छोटे तुकडे असत, त्यांत हे लोक डेलिया, शेवंती आणि लीक लावीत. लीक ही कांद्याच्याच घराण्यातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या क्लबांतून तिची प्रदर्शने भरत. बक्षिसासाठी लावलेली लीक आपल्या मनगटाहून जाड असते, तिचे घनमाप इंचांत मोजले जाते आणि त्यावर निकाल लागतो. डेलियाचेही तसेच. एका प्रकारचे फूल दहा इंचांहून रुंद व्हावे लागते, तर दुसऱ्या प्रकारचे, चेंडूसारखे गोल फूल दोन इंचांच्या आसपासच राहावे लागते. परीक्षक त्यावर धातूचे कडे धरून पाहतो. रात्री पाकळ्या कुरतडणारा, शेपटाला चिमटा असलेला एक किडा असतो. त्याला पकडण्यासाठी हे लोक काठीच्या टोकावर गवत भरलेली कुंडी उपडी ठेवतात. किडा पहाटे त्या गवतात दडतो, आणि मालक सकाळी कुंडी झटकतो.

ही माणसे संत होती असे समजू नका. खाणीतल्या तट्टांची लीद वाफ्यात किती आणि कशी घातली, हे एकमेकांस सांगत नसत. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री प्रतिस्पर्ध्याच्या लीकवर सुरी चालवल्याचे प्रकार घडत, म्हणून काही जण वाफ्यापाशी झोपत. पण गंमत पाहा. जो माणूस खताची कृती पोटात ठेवी, तोच हंगाम संपल्यावर कंद मात्र वाटून टाकी. लीकच्या फुलोऱ्यावर येणारी बाळरोपे तशीच हातोहात जात. याचे कारण माझ्या मते नुसता दिलदारपणा नव्हे. ज्याने एकट्याने जात ठेवली, त्याचा एक हिवाळा वाईट गेला की ती जात संपली. ज्याने ती दहा घरी दिली, त्याला पुढच्या वर्षी दहांतल्या कोणाकडून तरी ती परत मिळणारच. 1924 साली कार्डिफ शहरात 'बिशप ऑफ लँडॅफ' नावाची तांबड्या फुलांची, काळपट पानांची एक जात निघाली. आज जगात त्या नावाचे जेवढे खरे झाड आहे, तेवढे त्याच एका झाडाचा तुकडा आहे. शंभर वर्षे ते हातोहात चालत आले आहे. आम्ही कामगार संघटनेत संपनिधी जमवतो, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फुलाची आवड कोणाला नाही? पण आवड असून भागत नाही. बागेला दोन गोष्टी लागतात: जमीन आणि वेळ. त्याही उजेडातला वेळ. या दोन्ही गोष्टी ब्रिटनच्या कामगाराला कायद्याच्या कागदावर एकाच वर्षी मिळाल्या, हे वाचून मी चकित झालो. 1908 साली खाणीत जमिनीखालच्या कामाला आठ तासांची मर्यादा घालणारा कायदा झाला. आणि त्याच 1908 साली, मागणी असेल तेथे स्थानिक मंडळांनी रहिवाशांना लागवडीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यावेत, असे बंधन घालणारा कायदाही झाला. सहा जणांनी मिळून लेखी मागणी केली तर तिचा विचार करणे मंडळाला भाग पडले. रूढ तुकडा केवढा? मी हिशेब मांडून पाहिला. तीनशे अडीच चौरस यार्ड, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे.

येथे एक गोष्ट लपवता कामा नये. डरहॅम आणि नॉर्थंबरलंडच्या कामगारांचा त्या आठ तासांच्या कायद्याला बराच काळ विरोध होता. तेथल्या कोळसा फोडणाऱ्या कामगारांची पाळी आधीच आठ तासांहून कमी होती, आणि पोरे मात्र दहा तास राबत होती. कायदा लागू झाल्यावर 1910 साली तेथे तीन पाळ्या आल्या, आणि घरातल्या बाईला दिवसभर आणि रात्रभर चूल पेटती ठेवावी लागू लागली. कारण नवरा एका पाळीत, मुलगा दुसऱ्या पाळीत, भाडेकरू तिसऱ्या! त्यावरून संप झाले. तेव्हा ज्यांचे तास आधीपासून कमी होते, त्यांना उजेड सापडला होता; आणि नंतर पाळ्या दुसऱ्याच्या सोयीने लागल्या, तेव्हा त्याचा भार घरातल्या बायकांवर पडला. पुरुषाच्या वाफ्याला डेलिया लागला म्हणून टाळ्या वाजवताना तिची चूल विसरू नये. किती तास, हा अर्धा प्रश्न आहे. ते तास कोण ठरवतो, हा उरलेला अर्धा.

आपल्याकडेही वेळ कोणी ताटात वाढून दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 च्या जूनमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्याआधी आठवड्याला ठरलेला विश्रांतीचा वार नव्हता. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. चाळीच्या गॅलरीत त्यांनी तेलाच्या डब्यात गुलबक्षी लावली होती. गुलबक्षी संध्याकाळी फुलते. दिवसपाळीच्या माणसाला घरी आल्यावर फुललेली दिसेल अशी ती एकच, असे ते म्हणत. लहानपणी मला हे नुसते बोलणे वाटे. आज वाटते, त्यांनी भोंग्याच्या वेळा पाहून फूल निवडले होते.

तिकडच्या खाणी आता गेल्या. डरहॅममधली शेवटची खोल कोळसा खाण 1993 साली बंद पडली, नॉर्थंबरलंडमधली शेवटची खोल खाण 2005 साली. लीकची प्रदर्शने पूर्वीइतकी भरत नाहीत, पण भरतात. खाण मालकाची होती. तिचे दार त्याने लावले. वाफा आणि कंद मात्र माणसांत वाटले गेले होते, त्यांना टाळे लावणे कोणाला जमले नाही.

आणि इकडे? औद्योगिक वसाहतीत आज माझ्याकडे येणारी कंत्राटी मुले बारा-बारा तासांची पाळी करून येतात. त्यांतल्या एकाला मी विचारले, "घरी एखादे झाड आहे का रे?" तो म्हणाला, "होते, भाऊ. पाणी घालायला कोणी नव्हते." त्या मुलाला आवड नाही असे कोण म्हणेल? त्याच्या कंदाची मान आम्ही मोडली आहे. मीही मोडली आहे, तांबड्या पेन्सिलीने. म्हणून तेव्हापासून मी तयार केलेल्या प्रत्येक मागणीपत्रात शेवटी एक ओळ असते: वाफ्यापुरती जागा आणि पाण्याचा नळ. व्यवस्थापन हसते. हसू द्या. चार ठिकाणी नळ आले आहेत.

आता तुमच्याकडे माझे मागणे. आपल्या पठारावर डेलिया पावसाळा सरताना लावतात आणि तो थंडीत फुलतो. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांच्याकडे डेलिया आहे, त्यांचे कंद या वैशाखात घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात, कोरड्या वाळूत निजलेले असतील. लावायच्या वेळी झुबके विभागाल तेव्हा प्रत्येकाने दोन कंद बाजूला काढा, आणि ज्या वस्तीत अद्याप एकही कुंडी नाही तेथे नेऊन द्या. देताना मान जपा. आणि जागेसाठी सहा जणांनी मिळून आपल्या नगरपालिकेकडे एक अर्ज करा. कायद्याचे बंधन नसेल, पण अर्जाला कोणाची बंदीही नाही. नाही म्हणाले तर बारा जणांनी करा.

काका आता नाहीत. त्यांनी दिलेल्या त्या एका कंदाचे आज किती घरी झाड आहे, हे मला मोजता येत नाही. त्यांतले अकरा कंद मी आज पिशवीत आणले आहेत. मागच्या दाराशी टेबलावर ठेवले आहेत. सभा संपल्यावर ज्यांना हवेत त्यांनी न्यावेत. किंमत एवढीच, की पुढच्या वर्षी दोन परत आणायचे. मला नव्हे, शेजाऱ्याला द्यायचे.