रात्री उठावं लागतं म्हणून पाणी बंद

आम्ही करवीर तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघतो. आज हप्त्याचं, कर्जाचं काही बोलणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलूया. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपू देऊ नका.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गटातल्या बाया वयस्कर माणसं असलेल्या घरांतनं फिरलो. बीपी-शुगरची चौकशी सगळेच करतात. आम्ही साधं विचारलं, "आजी, दिवसातनं पाणी किती पिता?" बऱ्याच घरांत उत्तर एकच आलं. दुपारी चारनंतर पाणी बंद. का? तर रात्री उठावं लागतं. संडास परड्यात, वाटेत अंधार, वर पाऊस. सून दिवसभर उसात भांगलून आलेली असते, तिला कशाला हाक मारायची? एक आत्ती तर सुनेसमोरच म्हणाल्या, "लेकराची झोप मोडायची नाही मला." सून बघतच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

आता याचं पुढं काय होतं ते बघा. पाणी कमी पडलं की पहाटे उठताना चक्कर येते, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते. लघवीत जंतू वाढले तर म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागतं, घरच्यांनाच ओळखत नाही. मग कुणी म्हणतं वयच झालं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलं. मैत्रिणींनो, वयाचा विसराळूपणा सावकाश येतो, वर्षावर्षानं. दोन दिवसांत आलेला गोंधळ हा आजार असतो. गंडादोरा ठेवा बाजूला, आधी दवाखाना गाठा. दिवसाचं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत जास्त आणि संध्याकाळी थोडं कमी, असं वाटून दिलं तर चालतं. फक्त हृदयाच्या नाहीतर मूत्रपिंडाच्या आजारामुळं डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच ऐकायचं.

दुसरी भीती पडण्याची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगभरात अपघातानं जीव जाण्याच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो, आणि पडून दगावणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं सगळ्यांत जास्त. आम्हाला वाटायचं, म्हातारी माणसं बाहेर पडतात, एसटीत चढताना, बांधावरनं जाताना. फिरल्यावर कळलं, ती घरातच पडतात. न्हाणीत, उंबऱ्याला अडखळून, रात्री अंधारात.

म्हणून रात्रीची सोय आधी करा. खाटेजवळ भोकाची खुर्ची आणि खाली भांडं ठेवलं तर परड्यात जावंच लागत नाही. "घरात कसं करायचं?" म्हणून आजी-आजोबा लाजतात. आडोशाला जुन्या लुगड्याचा पडदा लावा, लाज निम्मी होते. खाटेपासून दारापर्यंत बारीक उजेडाचा दिवा रात्रभर असू द्या. वीज जाणारच, म्हणून उशाशी बॅटरी हवी. हाक मारायला संकोच वाटत असेल तर गोठ्यातली एखादी घंटा धुऊन खाटेला बांधा. आमच्या एका गटातल्या बाईनं हे केलं, तर आजोबा पहिले दोन दिवस उगीचच वाजवत बसले. वाजवू द्या.

उठण्याचीही एक पद्धत आहे. झोपेतनं उठून थेट चालू पडायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, पाय हलवायचे, मग आधार धरून उभं राहायचं. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. गोळी सुरू झाल्यापासनं चक्कर येते असं कुणी म्हणालं तर गोळी मनानं बंद करू नका, आणि शेजारणीची तर मुळीच देऊ नका. डॉक्टरांना चक्करचं सांगा.

न्हाणीत पावसाळ्यात शेवाळ धरतं. आठवड्यातनं एकदा ब्लीचिंग पावडर टाकून काथ्यानं घासून काढा. घसरू नये म्हणून बरेच जण ओलं गोणपाट टाकतात. गुळगुळीत फरशीवर ते गोणपाटच सरकतं आणि माणसाला घेऊन जातं. त्यापेक्षा भिंतीत लोखंडी पाइपाचा दांडा गवंड्याकडनं पक्का बसवून घ्या. नळाला धरून उठायची सवय वाईट, नळ निखळून हातात येतो. आंघोळीला बसायला जड, न हलणारं स्टूल द्या. उंबऱ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला की कमी दिसणाऱ्यालाही तो कळतो.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर आपण काय करतो? काखेत हात घालून झटक्यात उभं करतो आणि तेल लावून चोळायला बसतो. हे थांबवा. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल, खुब्यात कळ असेल, पाय टेकवत नसेल, तर हाड मोडल्याचा संशय धरा. आहे तसं झोपवून ठेवा, अंगावर वाकळ घाला, 108 ला फोन करा. चहा-पाणी देऊ नका, ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर माणूस हसत-बोलत असलं तरी दवाखान्यात न्या.

आता आपल्या नदीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या बायांना ते नव्यानं सांगायला नको. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. आमचं म्हणणं, नदीकाठच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 39 ला हलवा, 43 ची वाट बघू नका. कमरेएवढ्या पाण्यातनं नावेत चढणं तरण्यालाही जड जातं. पण आजोबा हलत नाहीत, कारण दावणीला म्हैस आहे. त्यांना रागवून उपयोग नाही. म्हैस कुठं बांधणार हे आधी ठरवा, ती पुढं गेली की आजोबा आपोआप मागनं जातात. एका प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, आधार कार्ड आणि घरच्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद आत्ताच भरून खुंटीला लावा. शाळेत मुक्काम पडला तर म्हाताऱ्यांना संडासाच्या जवळची खोली मागून घ्या. नाहीतर तिथंही पाणी बंद होतंय.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, "म्हणजे आणखी काम सुनेच्याच डोक्यावर." खरं आहे, आणि आम्हाला ते पटत नाही. वडिलांना न्हाणीपर्यंत धरून नेणं मुलाला येतं. रात्रीची पाळी वाटून घ्या, लेकीलाही चार दिवस बोलवा. आईबापांचं बघणं मुलगा आणि मुलगी दोघांवरही कायद्यानं आहे, 2007 साली तसा कायदा झाला. कुठं हाल होत असतील तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. काठी, चष्मा, भोकाची खुर्ची यासाठी राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. वय 65 च्या पुढं आणि घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच 3000 रुपये खात्यावर येतात. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

आणि पुढच्या बैठकीला येताना घरातल्या काठीचं खालचं रबर बघून या. बऱ्याच काठ्यांचं रबर झिजून नुसतं लाकूड टेकतंय, फरशीवर ते सटकतं. कुणाकुणाला नवं लागतंय त्याची यादी आणि काठीची जाडी सांगा, सगळ्यांची रबरं शहरातनं एकदम आणू.