झोपेत दात खाता का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभेत दिलेले भाषण)



इमारतीला तडा गेला की दुसऱ्या दिवशी सभेत विषय निघतो. दाताला तडा गेला तर वर्षानुवर्षे कळत नाही. मी दातांची डॉक्टर. म्हणून आज रात्री दात खाण्याच्या सवयीबद्दल चार शब्द बोलते.

रागाने दात-ओठ खाणारा सर्वांना दिसतो. झोपेत करकर दात खाणाऱ्याला मात्र स्वतःलाच पत्ता नसतो. "मले तर काहीच होत नाही," असेच तो म्हणतो. आवाज ऐकू येतो तो शेजारी झोपणाऱ्याला. सकाळी जबडा अवघडतो, कानशिलाजवळ दुखते, थंड पाण्याने दात शिवशिवतात, दातांची टोके सपाट होतात. या खुणा ओळखा.

दातावरचे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. कातडी खरचटली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते. झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही. जाते गुळगुळीत झाले की आपल्या आज्या त्याला टाकी लावून घेत. दाताला ती सोय नाही.

लेकरू दात खाऊ लागले की घरात पहिले वाक्य ठरलेले, "पोटात जंत झाले." शाळेत, अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी जरूर द्या; पण दात खाण्याचे कारण जंतच, असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक मुलांची सवय वयाबरोबर सुटते. दात दुखत असले, झिजत असले तर मात्र दाखवा.

मोठ्यांमध्ये ताण हे एक मोठे कारण. संत्र्याची गळ सुरू झाली, भाव पडला, की बागाईतदाराची झोप कशी असते हे मोर्शीत कोणाला सांगायला नको. त्यात रात्रीचा चहा, दारू, तंबाखू आणि आपला खर्रा भर घालतात. काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनीही असे होते; त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जोरात घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल, तर आधी त्याची तपासणी करा.

उपाय म्हणजे नाईट गार्ड. दातांचे माप घेऊन बनवलेले हे पारदर्शक आवरण रात्री लावायचे. त्याने सवय जात नाही, पण झीज आवरणाची होते, दाताची वाचते. बाजारातले तयार आवरण नीट बसेलच असे नाही. सकाळी गार पाण्याने धुवा, डबीत ठेवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. खर्चाची अडचण असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा.

दिवसाही एक सूत्र पाळा: ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल. खाण्या-गिळण्याव्यतिरिक्त वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत. आणि संत्री भरपूर खा, फक्त लगेच ब्रश करू नका. आंबट रसाने इनॅमल थोडा वेळ मऊ पडते. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

शेवटी एवढेच. घरात कोणी दात खात असेल तर हसू नका, चिडवू नका, त्याला सांगा. त्याला हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. त्याच्या मनात कसला घोर आहे, तेही एकदा विचारा. दात वाचतील आणि कदाचित माणूसही मोकळा होईल.

सोसायटीला २५ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन.