पाच प्रदर्शनांचा हंगाम

हंगाम म्हटला की आम्हा धानोऱ्याच्या माणसांना खरीप आणि रब्बी आठवतात. पण चित्रांचाही हंगाम असतो. मुंबईच्या फोर्ट भागातल्या ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ या कलादालनाला ५० वर्षे झाली, तेव्हा सप्टेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात तिथे ओळीने पाच प्रदर्शने झाली. त्यांची आखणी कलासमीक्षक गीता कपूर यांनी केली होती.

या दालनाचे मूळ मोठे गमतीचे आहे. केकू गांधी यांचा धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात त्यांनी आरा, हुसेन अशा तरुण चित्रकारांची चित्रे मांडायला सुरुवात केली. पुढे १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद या दांपत्याने जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर छोटीशी गॅलरी थाटली. २००७ मध्ये त्यांची कन्या शिरीन गांधी यांच्या काळात ती फोर्टमधल्या मोठ्या जागेत गेली.

त्या पाच प्रदर्शनांपैकी पहिल्याचा विषय होता मृत्यू. २००३ मध्ये निधन पावलेले बडोद्याचे भूपेन खख्खर यांची आठवण त्यामागे होती. दुसरे होते नागरिक म्हणून कलावंत काय बोलतो, याचे. मग आभास आणि यंत्रवत हालचाली, मग जपून ठेवलेल्या वस्तूंचे कपाट आणि शेवटी तरंगते जग. सुटी चित्रे आपण पाहतो आणि विसरतो. विषयांची अशी साखळी असली, की आधीचे चित्र मनात ठेवून पुढचे पाहावे लागते. हंगामाचा उपयोग तो.

आता कोणी म्हणेल, हे शहरातल्या लोकांचे. पण खख्खर पेशाने हिशेबनीस होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘जनता वॉच रिपेअरिंग’ हे चित्र काढले. घड्याळ दुरुस्त करणारा असा माणूस नंदुरबारच्या बाजारात कोणीही पाहिला असेल. आणि याच केमोल्डमध्ये १९७५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे लागली. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रे कागदावर आली आणि जगभर गेली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या प्रवासात काही सुटलेही. भिंत रंगवणाऱ्या कित्येक बायांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत. आपल्या सातपुड्यातल्या कलेबाबत तसे होऊ द्यायचे का, हे आपणच ठरवायला हवे.

खासगी दालनात शिरायला सहसा तिकीट लागत नाही. तरी काचेचा दरवाजा ढकलायला हात धजत नाही. पांढऱ्या भिंती, शांतता, इंग्रजीतली माहिती. आपले इथे काय काम, असे वाटते. आपल्या शाळांतली मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. पण त्यांतल्या किती मुलांनी खरेखुरे प्रदर्शन पाहिलेले असते?

म्हणून माझे मागणे साधे आहे. मोठ्या दालनांनी चित्राशेजारी चार ओळी मराठीतही लिहाव्यात. आणि आपण मुंबईची वाट पाहत बसू नये. शाळेचा एक वर्ग, सुतळी, चिमटे आणि निवड करणारे एक जाणते माणूस एवढ्यावर हंगाम सुरू होतो. पहिल्या महिन्यात पाणी, दुसऱ्यात बाजार, तिसऱ्यात घरातली म्हातारी माणसे. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव मात्र ठळक लिहावे, आणि ते बाईचे असेल तर आवर्जून. केकू गांधींची सुरुवात चौकटीच्या दुकानातून झाली होती, आणि तसबिरींना चौकटी घालणारी दुकाने आपल्या बाजारातही आहेत.