पुस्तक घेण्याआधी एक धडा करून पाहा

आपल्या रेडिओवर मी नेहमी बँकेची कागदपत्रं, कर्जाचे हप्ते, पापड-लोणच्यांची विक्री यांवर बोलते. आज मात्र पुस्तकांवर बोलणार आहे, आणि तीही कॉम्प्युटरच्या पुस्तकांवर. मी स्वतः बी.ए. झालेली. कॉम्प्युटरवर गटाचा हिशोब लिहिण्यापलीकडे मला फारसं येत नाही. पण एका कर्जामुळे हा विषय माझ्या पुढ्यात आला.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक कॉम्प्युटर सायन्स शिकते. तिला नेटवर्क प्रोग्रॅमिंग हा विषय आला. ताईंनी गटातून दोन हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं आणि दुकानदाराने दाखवलं ते जाडजूड पुस्तक आणलं. महिन्याभरात पोर रडकुंडीला आली. पुस्तकातला पहिलाच प्रोग्रॅम चालेना. "आई, मला हे जमायचं नाही," म्हणाली. झालं, घरात लगेच स्थळं बघायच्या गोष्टी सुरू झाल्या. बैठकीतही एक काकू बोलल्या, "म्हशीला कर्ज दिलं असतं तर दूध तरी आलं असतं."

मी त्या मुलीला घेऊन तिच्या कॉलेजात गेले. तिथल्या सरांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या दोन ओळी वाचूनच सांगितलं, "हे विंडोजसाठी लिहिलंय. आपल्या लॅबमध्ये लिनक्स आहे. हा प्रोग्रॅम इथे असाच्या असा चालणारच नाही." म्हणजे पोरीचं डोकं कमी नव्हतं, पुस्तक चुकलं होतं! आणि त्यापायी तिचं शिक्षण थांबत होतं.

हा विषय आहे तरी काय, ते तिनेच मला समजावलं. कॉम्प्युटरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. दोन प्रोसेस म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं. एकीच्या घरातलं दुसरीला दिसत नाही. मग निरोप द्यायचा कसा? एक उपाय म्हणजे पाइप. या टोकाला टाकलं की त्या टोकाला निघतं. दुसरा म्हणजे शेअर्ड मेमरी, दोघींच्या अंगणातला एकच फळा. पण दोघी एकदम लिहायला लागल्या तर गिचमीड होणार. म्हणून पाळी ठरवायला सेमाफोर असतो. आपल्या बैठकीत रजिस्टर एक आणि पेनही एकच, ज्या बाईच्या हातात पेन तिनेच लिहायचं, तसंच हे.

आणि घरं वेगवेगळ्या गावांत असली तर? तिथे सॉकेट लागतं. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे गावाचा पत्ता, पोर्ट म्हणजे घर नंबर. टीसीपी हे रजिस्टर पोस्टासारखं, पोच घेणारं आणि क्रम राखणारं. यूडीपी साध्या पोस्टकार्डासारखं, टाकलं की टाकलं.

आता पुस्तकं. सरांनी सुचवलेली आणि मुलीने वापरून पाहिलेली सांगते. घरात कुणी हे शिकत असेल तर लिहून घ्या.

सुरुवात फुकटातल्या पुस्तकाने करायची. ब्रायन हॉल यांचं 'बीज्स गाइड टू नेटवर्क प्रोग्रॅमिंग' इंटरनेटवर मोफत वाचता येतं. भाषा गप्पा मारल्यासारखी आहे. त्यांचंच दुसरं छोटं पुस्तक प्रोसेसमधल्या निरोपांवर, म्हणजे इंटरप्रोसेस कम्युनिकेशनवर आहे. तेही मोफत. सी भाषा थोडी येत असली की दोन्ही कळतात.

पुढची पायरी रिचर्ड स्टीव्हन्स यांचं 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'. याच्या दुसऱ्या आवृत्तीचे दोन भाग आहेत. 1998 चा पहिला भाग सॉकेटवर, 1999 चा दुसरा इंटरप्रोसेस कम्युनिकेशनवर. 1999 मध्येच स्टीव्हन्स वारले. नंतर दुसऱ्या दोघा लेखकांनी पहिल्या भागाची तिसरी आवृत्ती 2003 मध्ये काढली. पुस्तक जुनं आहे, पण सॉकेटचा पाया अजून तोच आहे.

लिनक्सवर काम असेल तर मायकेल केरिस्क यांचं 2010 चं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस' घ्यावं. दीड हजारांवर पानं आहेत, पण घाबरू नका. 43 व्या प्रकरणापासून 61 व्यापर्यंत बहुतेक हाच विषय आहे. तेवढंच आधी वाचायचं. ही मोठी पुस्तकं आधी कॉलेजच्या ग्रंथालयात मागा. पुण्याला कुणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करायला सांगा.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी बघायच्या. एक, आपल्या लॅबमधल्या कॉम्प्युटरसाठी ते लिहिलंय का. दोन, त्यातला प्रोग्रॅम पूर्ण दिलाय का, आणि काही बिघडलं तर ते कसं ओळखायचं हे लिहिलंय का. तीन, धड्याशेवटी स्वतः करायचा अभ्यास आहे का. नुसती पाठ करायची उत्तरं असतील तर परीक्षेपुरता उपयोग, हात बसत नाही.

दोन महिन्यांनी ती मुलगी मैत्रिणीचा आणि कॉलेजचा असे दोन लॅपटॉप घेऊन बैठकीला आली. एकावर टाइप केलं, दुसऱ्यावर उमटलं. म्हशीवाल्या काकू चष्मा पुसून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "माझा लेक मुंबईला असतो. तिथवर जाईल का गं हे?" मुलगी हसली, "जाईल काकू, पण त्याला अजून चार धडे आहेत."

त्याच बैठकीत आम्ही ठराव लिहिला. पुस्तकासाठी कर्ज मिळेल, पण आधी ते ग्रंथालयातून किंवा कुणाकडून आणून एक धडा स्वतः करून बघायचा आणि मग मागणी करायची. ताईंचे पहिल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. परीक्षा व्हायची आहे. स्थळांचा विषय सध्या तरी बंद आहे.

मैत्रिणींनो, तुमची लेक "मला जमत नाही" म्हणाली, तर लगेच खरं मानू नका. आधी तिच्या हातातलं पुस्तक कुणा जाणत्याला दाखवा.